म्युनिकमधले पहिले दिवस: आधी पत्ता, मग बाकीचं

बेळगावजवळच्या खानापूरहून एम.एस.साठी म्युनिकला गेलेला तुमचा भाऊ आठवड्यातच कंटाळलाय. लोक बोलत नाहीत, रविवारी सगळं बंद, बँक खातं उघडेना, असं तुम्ही लिहिलंय, आणि इथून काय काय पाठवू असंही विचारलंय. यातलं अर्धं दुखणं पत्त्याचं आहे. नोंदवलेला पत्ता नाही म्हणून बँक अडते, आणि बँक अडली की ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा थोडे थोडे सुटणारे पैसेही अडतात.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे शहराच्या नागरी सेवा कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. नुसता भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेला 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचा, हा माणूस इथे राहायला आलाय असं सांगणारा एक पानी कागद लागतो. पोरं वेळ घेऊन जातात, करार पुढे करतात आणि हात हलवत परत येतात. तो कागद चावी घेतानाच सही करून घ्यावा. ऑनलाइन वेळ बऱ्याचदा भरलेली दिसते, पण रद्द झालेल्या वेळा अधूनमधून सुटतात, म्हणून सकाळी लवकर पान पुन्हा पुन्हा उघडून बघावं. उशिराची वेळ मिळाली तरी घेऊन ठेवावी आणि बुकिंगचा पुरावा जपावा.

आपल्याकडच्या पोरांची आणखी एक अडचण असते. २०१४च्या नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी नाव बदललं, त्यामुळे एकाच माणसाच्या पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगने आणि दाखल्यावर नव्या, असं होतं. तिथल्या प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टवर जे आहे तेच, अक्षर न अक्षर लिहावं. वडिलांचं नाव पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात असेल तर जर्मनीत ते त्याचंच दुसरं नाव धरतात. विद्यापीठ, विमा, बँक सगळीकडे तेच चालू द्यावं. गावाच्या नावावरून वाद घालायची आपल्या भागाला सवय आहे, ती तिथल्या खिडकीवर वापरू नये.

नोंदणीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांक पोस्टाने येतो. बँकेचं कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांत येतात. तिथे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो. पेटीवर 'पाटील' नसेल तर पाटलांचं पत्र परत जातं. पोटभाड्याची खोली असेल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपलं आडनाव चिकटवावं. पुढे महिना १८.३६ युरो मागणारं रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येईल. पोरं ते फसवणूक समजून फेकतात आणि मग दंडासह परत येतं. ही वर्गणी माणशी नसते, घरामागे एक असते. घरातलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

रविवारचं म्हणाल तर बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, दुकानं एरवीही रात्री आठला बंद होतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, भाजी भरून ठेवायची. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं रविवारीही उघडी असतात.

घरात मात्र जपायला हवं. भात शिजवून, कपडे खोलीतच वाळत घालून थंडीत खिडकी बंद ठेवली की वाफ गार भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. घर सोडताना तिचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाऊ शकतो. खिडकी दिवसभर किंचित तिरकी उघडी ठेवण्याने उलट भिंत आणखी गार होते. हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, दिवसातून दोन-तीनदा, आणि स्वयंपाकानंतर नक्की. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजतो. वसतिगृहात तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर बंब आल्याचं बिल पोराच्या नावावर येऊ शकतं. एक्झॉस्ट लावून, तेल धुरावू न देता फोडणी करावी. धूर बाहेर काढायला कॉरिडॉरचं दार उघडू नये, अलार्म तिथेही असतात.

लोक बोलत नाहीत हे खरं आहे, पण जिन्यात भेटल्यावर 'ग्र्युस गॉट' (तिकडचा नमस्कार) न म्हणणारा त्यांच्या लेखी उद्धट. पुढाकार नव्या माणसाने घ्यायचा. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो, त्या दिवसांत मन जास्तच खचतं, म्हणून एखाद्या क्लबात किंवा भाषावर्गात नाव आत्ताच घालू द्या. फोनची वेळही बघा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो.

पार्सलात कुंदा आणि तूप पाठवू नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. चटणी, मसाला, मेतकूट पाकीटबंद चालेल. भेट म्हणून पाठवलेलं सामान ४५ युरोपर्यंत करमुक्त असतं. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'फूड' न लिहिता प्रत्येक वस्तू, वजन आणि किंमत वेगळी लिहा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि ते सोडवायला त्यालाच खेटे घालावे लागतात.