चार प्रयोगशाळा, एक गोदावरी

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र आहे. सामग्री म्हणाल तर ऑटोक्लेव्ह (वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र), इन्क्युबेटर (जिवाणू वाढवायची उबदार पेटी) आणि लॅमिनार (गाळलेल्या हवेचे कपाट). आसपासच्या तीन महाविद्यालयांची गतही तीच. अमेरिकेत राज्यभरातली पदवी महाविद्यालये संशोधन विद्यापीठाशी जोडून घेतात, असे वाचले. इथे ते कसे जमेल?

उत्तर : तुम्ही वाचलेली योजना बहुधा एनआयएचची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, ‘इन्ब्रे’. संशोधनाचा पैसा आजवर कमी पोहोचला अशा 23 राज्यांत आणि पोर्टो रिकोत ती चालते. महागडी यंत्रे मुख्य विद्यापीठात राहतात. पदवी महाविद्यालयांना प्रकल्प-निधी, यंत्रांचा वापर आणि विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनाची संधी मिळते. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना 2008पासून आहे आणि बाहेरची यंत्रे शोधायला आय-स्टेम पोर्टल आहे. चौघांची मोट मात्र तुम्हालाच बांधावी लागेल.

पहिली खरेदी पीसीआर यंत्राची (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या) करू नका. उद्घाटनाला ते छान दिसते, पण अभिकर्मकांना उणे 20 अंश अखंड लागतात आणि भारनियमन कोणाला चुकले आहे? त्यापेक्षा चौघांनी एकच प्रश्न घ्या : गंगापूर धरणाखाली, रामकुंड, तपोवन आणि सायखेडा इथल्या पाण्यातले ई. कोलाय (आतड्यातले जिवाणू) कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत? 2027च्या सिंहस्थाआधीची नोंद हाती असेल, तर नंतरच्या आकड्यांना अर्थ येईल. नमुना निर्जंतुक बाटलीत, प्रवाहाकडे तोंड करून, पृष्ठभागाखाली वीत-दीड वीत खोलीवर घ्या. बर्फाच्या पेटीतून आणून सहा तासांत लावा.

घोडे अडते ते डिस्क पद्धतीत : जिवाणू पसरलेल्या प्लेटवर प्रतिजैविकाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेले वलय मोजायचे. म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचे माध्यम) 4 मि.मी. जाडच हवा, म्हणजे 90 मि.मी.च्या प्लेटमध्ये सुमारे 25 मि.ली. काटकसर म्हणून 15 मि.ली. ओतला की वलय फुगते आणि प्रतिरोधी जिवाणूही संवेदनशील दिसतो. जिवाणूंचे द्रावण 0.5 मॅकफार्लंड या गढूळतेच्या मापाइतके गढूळ हवे. तुलनेची नळी अशी करा : 1 टक्का सल्फ्युरिक आम्ल 9.95 मि.ली., त्यात 1.175 टक्के बेरियम क्लोराइड 0.05 मि.ली. नळीची गढूळता डोळ्यांनी जुळवली तरी एकदा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती अडतो ते मोजणारे यंत्र) 625 नॅनोमीटरला तपासा, वाचन 0.08 ते 0.13मध्ये बसले पाहिजे. द्रावण दाट झाले तर वलय आक्रसते. द्रावण केल्यापासून 15 मिनिटांत प्लेटवर पसरा, डिस्क ठेवा, 35 अंशांवर 16 ते 18 तास.

नदीकडे जाण्याआधी चौघांनीही एकाच ठिकाणाहून आणलेला एटीसीसी 25922 हा ई. कोलायचा प्रमाण वाण तपासा. जेंटामायसिनच्या 10 मायक्रोग्रॅम डिस्कभोवती 19 ते 26 मि.मी. वलय यायला हवे. ज्या प्रयोगशाळेत येत नाही, तिचे पुढचे आकडे धरू नका, मग ती कितीही मोठ्या संस्थेची असो. ही अट सामंजस्य करारातच लिहून घ्या. आणखी एक कलम हवे : प्रकल्प पाहणाऱ्या शिक्षकाचा तासिकाभार आठवड्याला किती कमी होणार. ते नसेल तर सत्राच्या परीक्षा आल्या की काम बसलेच म्हणून समजा.

आणि लॅमिनार म्हणजे जैवसुरक्षा कॅबिनेट नव्हे! आडव्या प्रवाहाचे लॅमिनार प्लेटवरची हवा थेट विद्यार्थ्याच्या तोंडावर फेकते. रोगकारक जिवाणूंचे काम त्यात नको.

प्रश्न : रुग्णांचे नमुने घेता येतील का?

उत्तर : नोंदणीकृत नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय नाही, उरलेले नमुने असले तरी. तुमच्याकडे अशी समिती नसेल, तर ज्याच्याकडे ती आहे अशा वैद्यकीय महाविद्यालयाला सहभागी करा आणि मंजुरी नमुना घेण्याआधी मिळवा. मागाहून ती मिळत नाही.