विचारा निवृत्त ठाणेदारांना

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातला पोलीस पाटील. नक्षलग्रस्त भागासाठी केंद्राचा पैसा येतो. तो गावातली दारू, चोऱ्या थांबवायला का मिळत नाही?

उत्तर : पाटील, त्या जंगलात मीही नोकरी केलीय, सरळच सांगतो. हा पैसा सुरक्षाविषयक खर्च योजनेचा. आधी राज्याने खर्चायचं, मग केंद्र भरपाई देणार. तीही प्रशिक्षण, विमा, शरण आलेल्यांचं पुनर्वसन अशा ठरलेल्या बाबींवरच. मोहाच्या दारूवरचा छापा राज्याच्या गृहखात्याच्या खिशातून. (जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे म्हणे!) तुमचं मानधन 2024 मध्ये 6,500 वरून 15,000 करायचं ठरलं, तेही राज्याचंच. ठाण्याला गाडी हवी असेल तर ग्रामसभेचा ठराव जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा, प्रत पोलीस अधीक्षकांना. पोच घ्या, नाहीतर कागद गेला कुठे कळणार नाही.