वाचक विचारतात : एल्म, पाट्यांच्या खाणीचं गाव

गेल्या अंकात स्वित्झर्लंडमधल्या एल्म या छोट्या गावाची पानभर ओळख छापली होती. डोंगराच्या भोकातून चर्चवर पडणारं ऊन, शाळेतल्या पाटीच्या दगडाची खाण आणि 1881 सालची दरड, एवढंच त्यात होतं. त्यावर ठाणे, वाशी, ऐरोली, बेलापूरहून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

गाव नेमकं कुठे आहे? झुरिकहून एका दिवसात जाऊन येता येईल का? (वाशी)

येईल. झुरिकच्या मुख्य स्थानकातून लिंथालकडे जाणारी लोकल पकडा आणि श्वांडेनला उतरा. एल्मची बस स्थानकासमोरूनच सुटते आणि सेर्न्फ नदीच्या काठाने वर चढत अर्ध्या तासात गावात पोहोचते. सगळे मिळून दोन तास धरा. 1905 ते 1969 या काळात याच खोऱ्यात छोट्या रुळांची रेल्वे होती, आता तिची जागा बसने घेतली आहे. रस्ता एल्मलाच संपतो, पलीकडे फक्त पायवाटा. त्यामुळे उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ बघून ठेवा, पुढच्या गावाहून दुसरी काही मिळेल ही आशा नको.

गाव ग्लारुस कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे स्विस प्रांत), समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहे. 2011 पासून एल्मची स्वतःची ग्रामपालिका राहिलेली नाही. या कॅन्टनने आपल्या 25 ग्रामपालिका एकत्र करून तीनच ठेवल्या, आणि तो निर्णय नागरिकांनी मोकळ्या मैदानात हात वर करून घेतला होता. गावातली जुनी काळपट लाकडी घरं मात्र नीट राखली आहेत. त्यासाठी 1981 साली गावाला वाकर पुरस्कार मिळाला.

भोकातून चर्चवर ऊन पडतं, ते कोल्हापूरच्या किरणोत्सवासारखंच का? (नौपाडा, ठाणे)

हिशेब तोच, फक्त इथे ते कुणी ठरवून बांधलेलं नाही. गावाच्या आग्नेयेला चिंगेलहॉर्नची दातेरी रांग आहे. तिच्यात साधारण 2600 मीटर उंचीवर मार्टिन्सलॉख हे आरपार भोक आहे, वीसेक मीटर उंचीचं. ते चर्चपासून पावणेपाच किलोमीटर दूर. सूर्य विशिष्ट उंचीवर आणि विशिष्ट दिशेला आला तरच भोक, सूर्य आणि चर्चचा मनोरा एका रेषेत येतात, आणि हे वर्षातून दोनदा जमतं : 13 मार्चच्या आसपास आणि 1 ऑक्टोबरच्या आसपास. 21 जूनपासून दोन्ही तारखा जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा अशाच 21 डिसेंबरच्या दोन बाजूंना पडतात.

ऊन टिकतं दोन-अडीच मिनिटं. सूर्याचं बिंब आकाशात स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला दोन मिनिटं घेतं, म्हणून. जमिनीवर पडणारा उजेडाचा ठिपका पन्नासेक मीटर रुंद असतो. भोक तिकोनी असलं तरी ठिपका बराचसा गोल दिसतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा आहे. त्यानंतर सूर्य पुन्हा कड्याआड जातो आणि थोड्या वेळाने रांगेवरून रीतसर उगवतो.

बघायला जाणाऱ्यांची फसगत घड्याळामुळे होते. मार्चमध्ये ही वेळ नऊला पाच-दहा मिनिटं कमी असताना येते, ऑक्टोबरात साडेनऊच्या सुमारास, कारण तेव्हा उन्हाळी वेळ चालू असते, म्हणजे घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. दुसरी चूक जागेची. चर्चपासून शंभर मीटर बाजूला उभं राहिलं तर ठिपका तुमच्यावरून जातच नाही. आणि ढग आले तर इलाज नाही, हाताशी दोन सकाळी ठेवाव्यात.

त्याच डोंगरावर एक सरळ रेघ दिसते म्हणतात. ती कसली? (महाविद्यालयीन विद्यार्थी, ऐरोली)

भोकाच्या वरून कड्यावर आडवी, फिकट, जवळजवळ पट्टीने मारल्यासारखी रेघ जाते. रेघेच्या वरचा दगड 25 ते 30 कोटी वर्षांचा, खालचा साडेतीन ते पाच कोटी वर्षांचा. म्हणजे म्हातारा दगड तरुणाच्या डोक्यावर बसला आहे. आपल्या सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यामुळे सर्वात जुना थर तळाशी सापडतो. इथे मात्र आल्प्स उभे राहताना जुन्या खडकाचा अख्खा पत्रा उत्तरेकडे निदान 35 किलोमीटर सरकत नव्या थरांवर चढला. ती रेघ म्हणजे सरकण्याची पातळी.

हे मान्य व्हायला वेळ लागला. अर्नोल्ड एशर आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट हाइम म्हणत की ही दोन बाजूंनी पडलेली प्रचंड घडी आहे. 1884 मध्ये मार्सेल बेर्त्राँ या फ्रेंच भूवैज्ञानिकाने एकाच सरकलेल्या थराची कल्पना मांडली. हाइम यांनी ती स्वीकारेपर्यंत विसावं शतक उजाडलं. 2008 पासून हा परिसर सार्डोना या नावाने जागतिक वारसा यादीत आहे.

1881 ची दरड खाणीमुळे पडली की पावसामुळे? (बेलापूर)

मूळ कारण खाण, पावसाने घाई केली.

गावावरच्या उतारात पाटीच्या दगडाचा थर होता. 1868 पासून तो काढायला सुरुवात झाली. डोंगराच्या पायथ्याशी आडवी खाच घेत घेत ती 180 मीटर लांब आणि साठेक मीटर आत गेली. एवढ्या खोल खाचेत वरचा भार पेलायला मधेमधे दगडाचे खांब सोडावे लागतात. ते सोडले नाहीत, कारण खांबात अडकलेला दगड म्हणजे तेवढं उत्पन्न कमी. लटकत्या डोंगराचा आधार वर्षागणिक कमी होत गेला.

1876 पर्यंत खाणीच्या खूप वर, उतारावर, कमानीसारखी भेग उघडली होती. पुढे ती रुंदावत गेली. 1881 चा उन्हाळा सरता सरता पाऊस लागला, पाणी भेगेत जिरू लागलं आणि खाणीत दगड सुटू लागले. काम थांबवण्यात आलं. 10 सप्टेंबरला अधिकाऱ्यांनी पाहणी केली आणि धोका तातडीचा नाही असा निष्कर्ष काढला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, साडेपाचच्या सुमारास खाणीच्या एका बाजूचा भाग कोसळला. सतरा मिनिटांनी दुसरी बाजू आली. ज्यांची घरं जवळ होती ते समोरच्या ड्यूनिबर्गच्या उतारावर पळाले, काही जण मदतीला खाली धावले. चारच मिनिटांनी मधला मुख्य भाग सुटला. एकूण सुमारे एक कोटी घनमीटर दगड. खाली येताना तो खाणीच्या सपाट तळावर आदळला आणि घसरगुंडीच्या टोकावरून सुटावा तसा आडवा हवेत फेकला गेला. पाहणाऱ्यांनी सांगितलं की क्षणभर त्या राशीच्या खालून पलीकडचा उतार दिसत होता. ती रास समोरच्या ड्यूनिबर्गवर शंभरेक मीटर चढली, तिथून वळली आणि जवळजवळ सपाट खोऱ्यात दीड किलोमीटरच्या आसपास वाहत गेली. 115 माणसं गेली, 83 इमारती नष्ट झाल्या.

हाइम यांनी साक्षी गोळा करून आणि मोजमाप घेऊन 1881 मध्येच धर्मोपदेशक बुस यांच्यासह याचा वृत्तांत छापला. दरडीच्या माथ्यापासून राशीच्या शेवटच्या टोकापर्यंत रेघ ओढली तर तिचा उतार किती, हे मोजायची पद्धत हाइम यांचीच. एल्मला तो सोळा-सतरा अंश निघतो. साध्या घसरणाऱ्या दगडांचा ढीग तीस अंशांच्या पुढेच थांबतो. मोठी दरड किती लांब जाईल, याचा अंदाज आजही याच कोनावरून बांधतात.

मग पारसिकच्या डोंगराचं काय? तिथेही वर्षानुवर्षं खाणी होत्या. (बेलापूर, तेच वाचक)

एल्मसारखी संपूर्ण डोंगरबाजू सुटेल, असा हा दगड नाही. आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, जाड, आडव्या थरांचा आहे. इथे धोके दोन. खाणीच्या उभ्या कापातून, दगडातल्या मूळच्या भेगांवर सुटणारे धोंडे हा एक, आणि दगडावर बसलेली माती-मुरूम पावसात भिजून घसरणं हा दुसरा. माळीण (30 जुलै 2014) आणि इरशाळवाडी (19 जुलै 2023) इथे मुसळधार पावसात उतारावरचा मातीदगडच आला होता.

पायथ्याशी राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी वरचा भाग बघून घ्यावा. उताराला आडवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधलं अंतर टेपने मोजा, तारखेसह लिहा, पावसात रोज मोजा. अंतर वाढत असेल तर किती वाढलं याची चर्चा नको, जागा सोडा. झाडं किंवा खांब एकाच बाजूला कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा बंद पडणं, दारं चौकटीत अडकणं, या बाकीच्या खुणा. संरक्षक भिंतीतली पाणी निघायची भोकं बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकने आणि मातीने बुजलेली असतात, ती आधी मोकळी करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. पळताना आडवं, घसरणीच्या वाटेबाहेर जा, सरळ खाली नाही. आणि पहिला ढिगारा आला की लगेच मदतीला धावू नका, एल्मला बरीच माणसं नंतर आलेल्या ढिगाऱ्याखाली गेली.

आमच्या लहानपणीच्या पाट्या तिथून येत होत्या का? (निवृत्त शिक्षिका, कळवा)

भारतातल्या शाळांत मोठ्या प्रमाणावर चालल्या त्या आंध्रातल्या मार्कापूरच्या पाट्या. एल्मच्या पाट्या मुख्यतः युरोपात गेल्या. बनवायची रीत मात्र सारखीच. खाणीतून काढलेला दगड ओला असेतो थरांच्या रेषेत छिन्नीने फोडायचा, कारण वाळला की तो सरळ चिरत नाही. मग कापून चौकोन करायचा, घासून गुळगुळीत करायचा, रेघा कोरायच्या आणि लाकडी चौकट बसवायची. दरडीनंतरही गावाने हा धंदा सोडला नाही. पाटी कारखाना 1983 पर्यंत चालू होता, आता तिथे जुन्या यंत्रांसह संग्रहालय आहे. गेलात तर आतून बघा, बाहेरून ते साधं लाकडी घर वाटतं.

रशियन सैन्य या गावात कसं आलं? (पनवेल)

1799 मध्ये फ्रेंचांच्या वेढ्यातून निसटताना सेनापती सुवोरोव्ह 5 ऑक्टोबरला एल्मला मुक्कामी होता. दुसऱ्या दिवशी त्याने ताज्या बर्फातून 2407 मीटर उंचीची पानिक्स खिंड ओलांडली. तोफा आणि ओझ्याची जनावरं वाटेतच गेली. तो राहिला ते घर गावात आहे. खिंडीची वाट आजही चालतात, पण जुलै ते सप्टेंबर याच काळात, आणि पलीकडे उतरायला अख्खा दिवस हाताशी ठेवून.