सरासरी कोणाची?

‘स्वतःला जमले नाही, म्हणून आता दुसऱ्यांना शिकवतो’ ही बोच निवृत्त खेळाडूंच्या तोंडून मी समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकली आहे की, न्यू जर्सीतील एका माजी बेसबॉलपटूचा अनुभव, ओळखीच्या खुणा बदलून, येथे लिहावासा वाटला. तो कॅचर होता, म्हणजे यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. नऊ वर्षे मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धांत काढली, गुडघे झिजले, सर्वोच्च मेजर लीगचे दार उघडलेच नाही, आणि आता तो एका शाळेच्या संघाला शिकवत होता.

“माझी फलंदाजीची सरासरी हजार संधींत २४० यशस्वी फटके. पोरांनी माझे का ऐकावे?”

“ही सरासरी तुमची, की तुमच्या बॅटची?”

तो गप्प झाला. कृतीला गुण देता येतात, अख्ख्या माणसाला नाही, हे विवेकनिष्ठ विचाराचे सूत्र मी अनेकांना समजावले आहे. त्याला मात्र ते पटले स्वतःच्या बोटांमुळे. त्याची उजवी तर्जनी चेंडू लागून लागून वाकडी झाली होती. मांड्यांच्या आडून बोटांच्या खुणांनी पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, पुढचा चेंडू कसा सुचवायचा आणि त्या लांबून दिसाव्यात म्हणून नखांना पांढरा रंग कसा लावायचा, हे सांगताना ती बोटे आपोआप हलू लागली.

“म्हणजे नऊ वर्षे तुम्ही कोणाचा खेळ घडवत होतात?”

बऱ्याच वेळाने उत्तर आले, “पिचरचा.”

त्या क्षणी मलाही उमगले की शिक्षकपण त्याच्या खेळातच मुरलेले होते आणि आम्ही दोघे ते निवृत्तीनंतरच्या दिवसांत शोधत बसलो होतो.

पुढे आम्ही चार्ली लाउ यांच्याविषयी बोललो. तेही कॅचर, अकरा हंगामांत सरासरी .२५५, म्हणजे हजारात २५५, आणि होम रन, म्हणजे षटकारासारखे फटके, अवघे १६. कॅन्सस सिटी रॉयल्स या संघाचे फलंदाजी प्रशिक्षक असताना, १९७४ मध्ये, त्यांनी चाचपडणाऱ्या फलंदाज जॉर्ज ब्रेटला हाताशी धरले. ब्रेटने १९८० मध्ये .३९० ची सरासरी गाठली, तेव्हा लाउ दुसऱ्या संघात गेलेले होते.

या वळणावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते की, आपले आकडे विद्यार्थ्यांपासून लपवू नका, कारण जे सहज जमले नाही त्याच्या पायऱ्या आपल्याला नेमक्या ठाऊक असतात. पण आपले हुकलेले यश त्यांच्याकडून वसूलही करू नका, नाहीतर त्यांच्या प्रत्येक पराभवात तुम्ही पुन्हा हराल आणि ते ओझे त्या कोवळ्या खांद्यांवर पडेल.

शेवटच्या भेटीला तो आला, तेव्हा त्या वाकड्या बोटाच्या नखावर पांढरा रंग होता. शाळेतल्या कॅचरला खुणा शिकवून तो थेट माझ्याकडे आला होता.