मेंदूची मोरी तुंबते का?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

प्रश्न : झोपेत मेंदूतला कचरा धुऊन जातो आणि ही ‘मोरी’ तुंबली की डोकं दुखतं, असा निरोप मोबाइलवर फिरतोय. त्याखाली मेंदू साफ करणाऱ्या काढ्याची जाहिरातही आहे. यात खरं किती?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिला अर्धा भाग बराचसा खरा, दुसरा घाईचा, आणि काढा म्हणजे निव्वळ धंदा.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी २० टक्के तो एकटा वापरतो. एवढी चूल पेटती म्हटल्यावर राख पडणारच. इतर अवयवांतली राख लसिकावाहिन्या, म्हणजे रक्तवाहिन्यांखेरीजच्या निचऱ्याच्या बारीक नळ्या, वाहून नेतात. मेंदूच्या गाभ्यात मात्र त्या नाहीत. मग तिथलं सांडपाणी जातं कुठून? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये तो मार्ग दाखवला. मेंदूभोवतीचा द्रव धमन्यांच्या बाहेरच्या अंगाने आत शिरतो. नळावर दुसरी सैल नळी चढवावी आणि मधल्या फटीतून पाणी जावं, तसा. पुढे तो पेशींमधून झिरपतो आणि शिरांच्या कडेने कचरा घेऊन बाहेर पडतो. वाटेत तारकापेशींच्या, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या, पायांवर अ‍ॅक्वापोरिन-४ नावाची पाण्याची सूक्ष्म दारं असतात. या सगळ्या व्यवस्थेला ग्लिम्फॅटिक यंत्रणा म्हणतात. मेंदूच्या आवरणात खऱ्याखुऱ्या लसिकावाहिन्या असल्याचं २०१५ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलं. मेंदूभोवतीचा हा द्रव एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला ५०० मिलिलिटर नवा तयार होतो, म्हणजे रोज तीनेक वेळा बदलतो.

आता महत्त्वाची गोष्ट. या मोरीला वेगळा पंप नाही. धमनीची धडधड हाच मुख्यतः पंप. ठोक्यागणिक धमनी फुगते, आक्रसते आणि बाहेरचा द्रव पुढे रेटला जातो. म्हणून रक्तवाहिनी बिघडली की निचराही बिघडतो. वाढलेल्या रक्तदाबाने हा प्रवाह मंदावतो, हे २०१८ मध्ये उंदरांत दिसलं.

झोपेचं म्हणाल तर २०१३ च्या प्रयोगात झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतली पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०२४ मध्ये लंडनच्या गटाने उलटंच मोजलं, झोपेत निचरा कमी होतो म्हणून. वाद चालू आहे. तेव्हा ‘अमुक कुशीवर झोपा, मेंदू साफ’ असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा की हे मोजलं कुणाच्या मेंदूत, माणसाच्या की उंदराच्या? काढ्याबद्दल तर तेवढंही विचारायची गरज नाही.

प्रश्न : माझ्या जाऊबाई ४४ वर्षांच्या आहेत. न्हाणीत डोक्यावर कढत पाणी घेताच कुणी डोक्यात घण घातल्यासारखं दुखलं, उलटी झाली, दोन तासांत उतरलं. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. एकदा तर शौचाला कुंथताना. सीटी स्कॅन नॉर्मल आला. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं. सर्दीच्या गोळ्या चालू होत्या. हा तुमच्या त्या मोरीचाच प्रकार का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, मोरीचं नंतर बघू. मिनिटाच्या आत कळस गाठणाऱ्या डोकेदुखीला टेन्शन म्हणून घरी पाठवायचं नसतं, पहिल्यांदा आली तर मुळीच नाही. सर्वांत आधी मेंदूभोवतीचा रक्तस्राव नाही ना, हे पाहायचं असतं. दुखणं सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत चांगल्या यंत्रावर सीटी काढला तर तो सहसा चुकत नाही. उशीर झाला असेल तर कमरेतून पाणी काढून तपासावं लागतं किंवा रक्तवाहिन्यांचा अँजिओ सीटी करावा लागतो. साधा सीटी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या नॉर्मल, असं नाही. त्या साध्या सीटीत दिसतच नाहीत.

असा झटका दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पुन्हा येत असेल, आणि गरम किंवा गार पाण्याची अंघोळ, कुंथणं, खोकला, शरीरसंबंध, जड ओझं, रागाचा उमाळा यांनी तो उठत असेल, तर एका आजाराचा संशय घ्यावाच लागतो : मेंदूच्या धमन्या जागोजागी आवळणं, जे काही आठवड्यांत पुन्हा सैल होतं. डॉक्टरांच्या बोलीत आरसीव्हीएस. २००७ मध्ये वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे प्रकार या एका नावाखाली आणले गेले. मध्यम वयाच्या बायकांत हा जास्त दिसतो, बाळंतपणानंतरही होतो. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, अर्धशिशीवरची ट्रिप्टान आणि एर्गोटामिन, नैराश्यावरची काही औषधं, गांजा, ही नेहमीची निमित्तं. सर्दीच्या गोळीची पट्टी फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या.

इथे एक फसगत होते. आवळणं आधी टोकाच्या बारीक धमन्यांत सुरू होतं आणि दिवसागणिक मोठ्या धमन्यांकडे सरकतं. पहिल्या आठवड्यात अँजिओ स्वच्छ दिसू शकतो. संशय पक्का असेल तर दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा करतात. रक्तस्राव झालाच तर बहुधा पहिल्या आठवड्यात होतो. धमनी आवळून होणारा पक्षाघात सहसा नंतर, म्हणजे डोकं दुखायचं थांबू लागतं तेव्हा. म्हणून ‘आता दुखत नाही’ एवढ्यावर पाठपुरावा सोडू नये.

करायचं काय? निमित्त ठरलेलं औषध डॉक्टरांना दाखवून बंद करणं. महिनाभर तरी कुंथणं टाळणं : पाणी, पालेभाजी, लागलं तर इसबगोल. अंघोळीला कोमट पाणी, तेही आधी पायांवर. घागरी, धान्याची पोती उचलायची नाहीत. तंबाखू आणि मिश्री बंद, निपाणीत हे सांगणं जिवावर येतं तरीही. धमन्या सैल करणारं निमोडिपिन किंवा वेरापामिल डॉक्टर देतात. डोकेदुखीला त्याचा उपयोग होतो, पण पक्षाघात टळतोच असं सिद्ध नाही. या आजारात स्टेरॉइड दिलेल्यांची अवस्था जास्त बिघडलेली आढळली आहे, म्हणून निदानाआधीच कुणी ‘सूज उतरायला’ ते सुरू करत असेल तर कारण विचारा. तीन महिन्यांत धमन्या बहुतेकांच्या पूर्ववत होतात.

आता मोरी. तैवानच्या संशोधकांनी याच आजाराच्या रुग्णांत एमआरआयचं रंगद्रव्य रक्तवाहिनीतून झिरपून धमनीभोवतीच्या फटीत उतरलेलं पाहिलं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध गळत होता आणि निचऱ्याचा मार्ग जिवंत माणसात दिसला. अशा रुग्णांत निचरा मंदावल्याच्या खुणाही मिळाल्या. पंपच आवळला गेल्यावर हे पटण्यासारखं आहे. पण आवळल्यामुळे निचरा मंदावला की आधीच मंद होता, हे अशा एका तपासणीतून ठरत नाही, आणि जाऊबाईंच्या उपचारात त्याने आज काही बदलत नाही.

पुन्हा झटका आला तर १०८ ला फोन करा. कोल्हापूर की बेळगाव याचा खल नको; चोवीस तास सीटी होतो असं जवळचं रुग्णालय गाठा. तिथले डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर ‘ओम्मेले तलेनोवु बंतु, ओंदे निमिषदल्ली’ (एकदम डोकं दुखलं, एकाच मिनिटात) एवढं सांगा. डोकेदुखी किती आहे त्यापेक्षा किती झटकन चढली, याने निदान फिरतं.

प्रश्न : एमआरआयच्या रिपोर्टात ‘प्रॉमिनंट पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस’ लिहिलंय. इंटरनेटवर पाहून घाबरलो. वय ५८, बीपीची गोळी कधी घेतो कधी राहते. निचऱ्याची तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : त्या जागा म्हणजे वर सांगितलेल्या फटीच. त्या प्रत्येकाला असतात, वयाबरोबर रुंदावतात; ३ मिलिमीटरच्या आतल्या असतील तर एवढ्याने काही बिघडत नाही. मेंदूच्या तळाकडच्या बेसल गँग्लिया या (प्रत्येकाला असणाऱ्या) भागात त्या खूप असतील तर बारीक धमन्यांवर रक्तदाबाचा मार बसतोय, अशी शंका घेतात. ‘लॅक्युन’ शब्द असेल तर ती वेगळी गोष्ट, जुन्या छोट्या पक्षाघाताची खूण. डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.

निचरा मोजायची एक एमआरआय पद्धत २०१७ मध्ये जपानमधल्या नागोयाच्या गटाने मांडली. ती मेंदूतल्या एका ठरावीक जागेवरून अंदाज बांधते, संशोधनात चालते, निदानात नाही. पैसे घालू नका. ते बीपीच्या यंत्राला घाला.

मोजायची रीत : आधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. एक मिनिट सोडून दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि रात्री, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर असेल तर गोळी बदलावी लागेल. पण तुमच्या बाबतीत आधी ती रोज घेऊन बघा. घोरत असाल आणि उठल्याउठल्या डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकतो का, तेही तपासा.

प्रश्न : सौंदत्तीच्या यात्रेआधी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली. आठ दिवसांनी डोकं दुखायला लागलं, आडवं झालं की वाढतं, अंधूक दिसतं. उन्हाने असेल का?
— एक वाचक भगिनी, चिकोडी

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, असं कुणाला होत असेल तर आजच जा. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाली की असंच होतं : दुखणं हळूहळू चढतं, आडवं झाल्यावर, खोकल्यावर वाढतं, दृष्टी अंधूक होते, पुढे आकडी (फिट) येऊ शकते. शिरेतच अडथळा आल्यावर मेंदूचा द्रवही नीट शोषला जात नाही, कवटीतला दाब वाढतो. हार्मोनच्या गोळ्या, गर्भनिरोधकंसुद्धा, हा धोका वाढवतात. त्यात दिवसभर उन्हात उपाशीतापाशी, पाण्यावाचून चालणं आलं की आणखी. बाळंतिणीला पाणी तोडायची चाल याच कारणाने घातक आहे.

साधा सीटी इथेही चकवू शकतो. गोळी घेतल्याचं न लाजता सांगा आणि शिरांचा एमआरआय, म्हणजे एमआर व्हेनोग्राम, लागेल का ते विचारा. उपचार हेपरिन या गुठळी वाढू न देणाऱ्या औषधाने, आणि त्यासाठी दाखल व्हावं लागतं.