विंचूदंश : कळ किती, यापेक्षा पाय किती गार

प्रश्न : भातझोडणीच्या वेळी आमच्या वाडीत दोघांना विंचू चावला. एक गडी रात्रभर कळांनी तळमळला, पण सकाळी चालता झाला. दुसरा सात वर्षांचा मुलगा. तो फारसा रडलाही नाही, पण अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, कपडे घामाने भिजले आणि त्याला तातडीने तालुक्याला हलवावं लागलं. कळ ज्याला जास्त, त्याला विष जास्त, असं नसतं का?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : नसतं, आणि याच समजुतीपायी कोकणात मुलं दगावली आहेत. जोराची कळ म्हणजे विष बहुधा चावल्या जागीच राहिलं आहे. ती कळ साधारण दिवसभरात आपोआप ओसरते. विंचू 'उतरवणाऱ्यां'ना यश येतं ते याच रुग्णांत. विष रक्तात पसरलं की कळ अनेकदा कमी वाटते आणि खरं संकट तिथून पुढे सुरू होतं.

लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. त्यामुळे नसा थांबत नाहीत, सारख्या चेतत राहतात. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत लिंग ताठरणं. पाठोपाठ अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, तळवे गार पडतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं आणि तिथे पाणी भरतं. मग धाप, खोकला, तोंडाला गुलाबी फेस. लहान मुलाचं वजन कमी, म्हणून तेवढंच विष त्याला जास्त बाधतं.

तेव्हा घरी बघायचं ते पाऊल. आपल्या हाताची मागची बाजू मुलाच्या अंगठ्यापासून घोट्यापर्यंत आणि तिथून गुडघ्यापर्यंत फिरवा. गारठा कुठवर चढलाय ते लगेच कळतं. उलटी, घाम आणि गार पाऊल यांपैकी एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, निघा. चावल्याची वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टरांना ती लागते. दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, रॉकेल किंवा कांदा चोळणं, यातल्या कशाचाही उपयोग नाही. कळेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ आणि वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरे. दवाखान्यात चावल्या जागी भूल देणारं इंजेक्शन दिलं तर आराम लवकर पडतो. विंचू मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. उपचार लक्षणांवरून ठरतात.

प्रश्न : विंचवावर जी गोळी देतात ती रक्तदाबाची, असं ऐकलं. हे कुणाला आणि कसं सुचलं? विंचवाची लस निघाल्यावरही ती गोळी का देतात?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : हे संशोधन मोठ्या प्रयोगशाळेत झालेलं नाही, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालं, हे मुद्दाम सांगायला हवं. १९७६च्या सुमाराला डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे रुजू झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या गंभीर दंशाने शंभरातले तीसेक रुग्ण जात. उपचार म्हणून अॅट्रोपिन, स्टिरॉइड, अॅलर्जीची इंजेक्शनं आणि गुंगीच्या औषधांचं मिश्रण देत. यातलं अॅट्रोपिन तर घातकच. लाळ आणि घाम थांबतो, पण आधीच धावणारी नाडी आणखी धावते.

बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून कुठलं लक्षण कधी येतं ते टिपलं. उलट्या, घाम, लिंग ताठरणं आणि गार हातपाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हा निष्कर्ष १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रोग हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा आहे हे पटल्यावर उपायाची दिशा ठरली. वाहिन्या आवळल्यात, तर त्या सैल करायच्या. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड सलाइनमधून देऊन पाहिलं. त्याने गुण येई, पण त्यासाठी थेंब मोजत, मिनिटामिनिटाला रक्तदाब बघत बसावं लागतं. खेड्यातल्या केंद्राला हे झेपणारं नव्हतं. प्राझोसिन मात्र साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तवाहिनीवर जिथे जाऊन बसतात ती जागाच ही गोळी अडवते. १९८६ साली त्यावरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिनची मात्रा वजनाच्या किलोला ३० मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमची जेमतेम अर्धी गोळी. हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. गोळी साधीच हवी. हळूहळू विरघळणारी गोळी फोडून देता येत नाही. पहिल्या तीन तासांत दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास तासातासाने नाडी, श्वास आणि रक्तदाब बघतात. चुका होतात त्या इथेच. गोळी दिल्यावर रुग्णाला उठवून बसवलं किंवा आईने मूल उभं कडेवर घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळतो. आडवंच ठेवायचं. उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी गेलेलं असतं, ते तोंडाने भरून काढायचं. भसाभस सलाइन चढवलं तर तेच पाणी फुप्फुसांत उतरतं. हा मजकूर घरी गोळी देण्यासाठी नाही. रक्तदाब मोजायची सोय नसेल तिथे ती देऊ नये.

ज्याला आपण लस म्हणता ती खरं तर प्रतिविष, घोड्यांच्या रक्तद्रवापासून केलेलं. मुंबईच्या हाफकिनने ते बनवलं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण सुटलेला अॅड्रिनलिनचा लोट परत बोलावू शकत नाही. म्हणून ते जितकं लवकर तितकं चांगलं. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांचे दोन गट करून पाहिले. निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. बरं व्हायला पहिल्या गटात सरासरी आठ तास लागले, दुसऱ्या गटात सतराच्या वर. म्हणून दोन्ही द्यावीत. प्रतिविष हाताशी नसेल, तर गोळी थांबवून मात्र धरू नये.

प्रश्न : जांभळ्या बॅटरीने विंचू दिसतात म्हणे. खरं का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खरं आहे. विंचवाच्या कवचातली द्रव्यं अतिनील प्रकाशात हिरवट-निळी चमकतात. काळोख पडल्यावर चिऱ्यांची रास, गोठ्याची भिंत, लाकडांचा ढीग यांवर बॅटरी फिरवा. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, म्हणून काही दिसलं नाही तरी पेंढ्यात उघडा हात घालू नका. बॅटरीचा झोत कुणाच्या डोळ्यांत पडू देऊ नका. विंचू लांब चिमट्यानेच उचला. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचा दंश सहसा कळेवर भागतो. जपायचं ते पुढे बारीक चिमटे असलेल्या, जाड शेपटीच्या तांबूस विंचवाला.