ब्लूज संगीताची स्थानिक सोसायटी नेमकं काय करते? पुण्यात अशी सुरू करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुम्ही तिघं-चौघं मित्र ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, वाजवता आणि ऐकायला बहुतेक वेळा घरचेच लोक असतात. अमेरिकेत गावोगावी ज्या ‘ब्लूज सोसायटी’ असतात त्या हे संगीत लोकांपर्यंत कसं नेतात, आणि तसं काही आपल्याकडे जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी मूळचा साताऱ्याचा. गेली बरीच वर्षं ओरेगनमध्ये पोर्टलंडला लागून असलेल्या बीव्हर्टनला राहतो आणि तिथल्या कॅस्केड ब्लूज असोसिएशनचा सभासद आहे. त्यामुळे एका गावातलं जे पाहिलंय तेच सांगतो.

पुणेकराला ही कल्पना समजावणं तसं सोपं आहे. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली सुरू केलेला भारत गायन समाज तुमच्या गावातच आहे. दर महिन्याला बैठक, वर्गणी भरणारे सभासद, नव्या गायकाला पहिल्यांदा गादीवर बसवणारी चार जाणती माणसं, हे सगळं आपण लहानपणापासून पाहत आलोय. पण तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी, की पोर्टलंडच्या सोसायटीत वादकांपेक्षा ऐकणारे जास्त आहेत. निवृत्त पोस्टमन, नर्स, शाळामास्तर, सुतार, माझ्यासारखे चिपच्या कारखान्यातले लोक. बहुतेकांना एकही वाद्य येत नाही. तरी पदाधिकारी तेच, खुर्च्या मांडणारे तेच, दारात टेबल टाकून नव्या माणसाचं नाव लिहून घेणारेही तेच.

कॅस्केड ब्लूज असोसिएशन ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. कामाची रीत साधी आहे. महिन्यातून एकदा सभासदांची बैठक, आणि ती वर्षानुवर्षं पहिल्या बुधवारी. त्यात कामकाजाची दहा-पंधरा मिनिटं आणि मग गाणं. त्याशिवाय ‘ब्लूजनोट्स’ नावाचं मासिक. कुठल्या रात्री कुठल्या बारमध्ये कोण वाजवतंय याची यादी त्यात येते. बाहेरून पाहणाऱ्याला ही यादी क्षुल्लक वाटेल. मला ती सोसायटीचं सर्वांत मोठं काम वाटते. वादकाला मंगळवारी रात्री चाळीस माणसं मिळाली तर बारचा मालक त्याला पुढच्या मंगळवारीही बोलावतो. असे चार मंगळवार मिळाले की त्याचं घरभाडं निघतं. संगीत टिकतं ते अशा हिशेबावर.

याच्या जोडीला वर्षाकाठी सभासदांच्या मतदानातून ‘मडी अवॉर्ड’ दिले जातात. गावातला उत्तम ड्रमर कोण, हार्मोनिका कोण चांगली वाजवतं, हे गावानेच ठरवायचं. ज्याला आयुष्यात कधी राष्ट्रीय पातळीवर नाव मिळणार नाही, त्याला आपल्या माणसांनी उभं राहून टाळ्या दिलेल्या मी पाहिल्यात. त्याची किंमत काय असते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

जॅमबद्दल, म्हणजे कुणीही येऊन सामील व्हावं अशा वादनाच्या बैठकीबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारख्यांना सुरुवात तिथूनच करता येईल. ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी एक मुख्य बँड बसतो. दारापाशी कागद ठेवलेला असतो, त्यावर नाव आणि वाद्य लिहायचं. यजमान पाहतो की आज तीन गिटारवाले आहेत, एक बास आहे, ड्रमर दोन, आणि त्यातून माणसं जुळवून एकेका टोळीला तीन-तीन गाणी देतो. एकमेकांना कधी न भेटलेली चार माणसं एकत्र वाजवू शकतात, कारण बहुतेक ब्लूज बारा मात्रांच्या, खरं तर बारा ‘बार’च्या, म्हणजे सहसा चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या, एकाच साच्यावर चालतं. आपल्या भाषेत आवर्तनच. शेवटच्या दोन बारमध्ये ‘टर्नअराउंड’ येतो आणि सगळे मिळून समेवर उतरतात. शब्दांचाही साचा ठरलेला: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी ओळ उत्तर देते. म्हणजे असं काहीतरी:

पहाटेची गाडी गेली, फलाटावर मी उभा,
अरे, पहाटेची गाडी गेली, फलाटावर मी उभा,
खिशात तिकीट आहे, पण चढायला नाही मुभा.

पहिली ओळ दोनदा येते तेव्हा गाणाऱ्याला तिसरी सुचायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याची उत्सुकता वाढते. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला यात परकं काही वाटायचं कारण नाही. तीही कष्ट करता करता मन मोकळं करायचीच रीत होती.

मी माउथ ऑर्गन वाजवतो, इथे त्याला ‘हार्प’ म्हणतात. माझ्या पहिल्या जॅमला गाणं ‘ई’ पट्टीत होतं आणि मी ‘ई’चाच हार्प काढला. शेजारच्या म्हाताऱ्या वादकाने हळूच माझ्या हातात ‘ए’चा दिला. ब्लूजमध्ये बहुतेक वेळा गाण्याच्या पट्टीपासून मोजून चौथ्या स्वराचा हार्प घेतात, कारण मग श्वास आत ओढताना मुख्य स्वर मिळतात आणि ते वाकवता येतात. आपण मींड काढतो तसे. हे त्याने मला नंतर पार्किंगमध्ये उभं राहून पंधरा मिनिटं दाखवलं. घरी जाताना त्याचा हार्प परत द्यायला गेलो तर म्हणाला, राहू दे. सोसायटी संगीत कसं शिकवते असं कुणी विचारलं तर मला आधी ते पार्किंग आठवतं. शाळांमध्ये वादक पाठवून मुलांना ब्लूजचा इतिहास सांगण्याचे, हार्प हातात देण्याचे उपक्रमही अमेरिकेतल्या अनेक सोसायट्या करतात, आणि ते चांगलेच आहेत.

आता पोर्टलंडच्या ब्लूजबद्दल. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही, कारण हे संगीत कुणाचं आहे याचा विसर पडला तर सोसायटी नुसती शौकिनांची मंडळी होते. ओरेगनच्या १८५९ च्या घटनेत काळ्या माणसांना राज्यात येऊन राहायलाच बंदी होती. ते कलम १९२६ मध्ये काढलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी दक्षिणेतून हजारो काळे कामगार आले. त्यांची सोय व्हॅनपोर्ट नावाच्या घाईघाईने उभारलेल्या वसाहतीत झाली. ३० मे १९४८ ला कोलंबिया नदीच्या पुरात बांध फुटला आणि एका दुपारी अख्खं व्हॅनपोर्ट वाहून गेलं. त्याच दिवशी सकाळी रहिवाशांना कळवलं होतं की बांध सुरक्षित आहे, घाबरू नका. पानशेतचा १९६१ चा पूर ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बेघर झालेली बरीच काळी कुटुंबं अल्बिना भागात राहू लागली. तिथल्या विल्यम्स अव्हेन्यूवर रात्र-रात्र चालणारे क्लब होते, जॅझ होता, ब्लूज होता. मग १९६० मध्ये मेमोरियल कोलिझियम उभं राहिलं, हायवे आला, पुढे इस्पितळाच्या विस्तारासाठी शेकडो घरं पाडली. रस्त्याचं नाव राहिलं, वस्ती विखुरली. नॉर्मन सिल्व्हेस्टरसारखा लुइझियानातून लहानपणी आलेला गायक आज मंचावर उभा राहतो तेव्हा त्याच्याबरोबर ती वस्तीही उभी असते. मला वाटतं, सोसायटीने अशा माणसांना आधी बोलवावं, त्यांचं मानधन आधी द्यावं. इथेही हे नेहमी होतं असं नाही. एका बारमध्ये ज्येष्ठ काळ्या गायकाला ‘प्रसिद्धी मिळेल’ म्हणून फुकट गायला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. तो काही न बोलता निघून गेला. त्या रात्री मीही निघायला हवं होतं. बसून राहिलो याचं अजून वाईट वाटतं.

विलामेट नदीकाठच्या वॉटरफ्रंट ब्लूज फेस्टिव्हलबद्दल तुम्ही ऐकलं असेल. चार जुलैच्या सुमारास भरतो, १९८७ साली सुरू झाला तेव्हा त्याचं नाव रोझ सिटी ब्लूज फेस्टिव्हल होतं. भुकेल्या, बेघर लोकांसाठी मदत गोळा करणं हाच त्यामागचा हेतू. पुढे अनेक वर्षं त्यातली मदत ओरेगन फूड बँकेला जायची आणि प्रवेशाला थोडे पैसे आणि अन्नाचे दोन डबे लागायचे. दाराशी राजमा, मका, ट्यूना यांच्या डब्यांचे ढीग लागलेले असायचे. आता कारभार बदललाय आणि रीतसर तिकीट आहे. पण ब्लूज ऐकायला जाताना डबा न्यायचा, ही सवय त्या काळात वाढलेल्या मुलांच्या अंगात राहिली आहे.

वादक अडचणीत आला की काय होतं तेही सांगतो. कर्टिस सालगाडो हा इथला मोठा गायक. १९७७ मध्ये युजीन गावात नट जॉन बेलुशीला ब्लूजची गोडी यानेच लावली. २००६ मध्ये त्याला यकृताचा कर्करोग झाला, प्रत्यारोपण करायचं होतं आणि आरोग्यविमा नव्हता. पोर्टलंडच्या मोठ्या स्टेडियममध्ये मदतीचा कार्यक्रम झाला, रॉबर्ट क्रे, स्टीव्ह मिलर यांच्यासारखे कलाकार आले. तो बरा झाला, आणि २०१३ मध्ये ब्लूज फाउंडेशनचा वर्षातील सर्वोत्तम कलाकाराचा पुरस्कार त्याला मिळाला. इतकं मोठं नाव नसलेल्यांसाठीही छोट्या बारमध्ये असे कार्यक्रम होतच असतात. अमेरिकेत वादकाला विमा नसणं ही नित्याची गोष्ट आहे.

हे ब्लूज फाउंडेशन मेम्फिसला आहे, १९८० पासून. ठिकठिकाणच्या सोसायट्या त्याला जोडलेल्या असतात आणि दर वर्षी आपापल्या गावात स्पर्धा घेऊन विजेत्यांना मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर पाठवतात. गुण देताना गळा, वाद्य, मंचावरचा वावर हे सगळं पाहतात, पण ब्लूजची जाण सगळ्यांत महत्त्वाची. कोकणातल्या डबलबारीसारखी चुरस असते. पोर्टलंडच्या स्पर्धेचं नाव ‘जर्नी टू मेम्फिस’, आणि जिंकलेल्यांच्या प्रवासाला सोसायटी हातभार लावते. शिलाँगचा सोलमेट हा बँड २००७ साली भारतातून तिथे वाजवून आलाय, तेव्हा तुम्हाला हे फार दूरचं वाटू नये.

भारतात महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरू लागला, पहिल्याच वर्षी अमेरिकेतला मोठा ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन गेला. त्या दोन रात्री ज्यांनी पाहिल्या ते भाग्यवान. पण मुंबईतला ब्लूजवेडा माणूस उरलेले महिने कुठे जातो? ती पोकळी पुण्यात तुम्ही भरू शकता, आणि त्याला बडी गाय लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर मोठं हॉल, पोस्टर, फेसबुक पेज यांच्या आधी वीस ऐकणारे शोधले असते. एखाद्या वाचनालयाची खोली किंवा कॅफेचा माळा, महिन्याचा एकच वार, आणि तो पाऊस असो, परीक्षा असो, गणपती असोत, बदलायचा नाही. वर्गणी शंभर-दोनशे रुपये, पण घ्यायचीच. पैसे देणारा माणूस पुढच्या महिन्यात येतो. दारात वही ठेवा आणि नाव लिहून घेणारा माणूस वाजवणाऱ्यांपैकी नको. प्रत्येक बैठकीत सुरुवातीला एकच जुनं ध्वनिमुद्रण ऐकवा आणि गाणारं माणूस कोण, कुठल्या गावचं, कशातून आलं ते पाच मिनिटं सांगा. मग वाजवा. आणि शेवटचा अर्धा तास कागदावर नाव लिहिलेल्या कुणालाही द्या, तबला घेऊन आला तरी द्या.

मी डिसेंबरात साताऱ्याला आईकडे येतो. तोवर तुमचा वार ठरला असेल तर इथे खाली लिहून ठेवा. ‘ए’चा एक हार्प माझ्याकडे जास्तीचा आहे, तो घेऊन येईन.